साडी नेसलेला पुरुष आणि आपला हशा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच विषयाची निघाली : पुरुषाने स्त्रीवेश घेऊन केलेला विनोद. म्हणून या वेळी बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदाच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांचे एक प्रहसन मी बसवले. त्यात एका मुलाने नऊवारी नेसून आत्याबाईंचे काम केले. सगळे पोट धरधरून हसले, त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्गातली मुले त्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवू लागली आणि आता तो मधल्या सुट्टीतही बाकावरून उठत नाही. माझी चूक झाली का? शाळेत असे विनोद करूच नयेत का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलाला साडी नेसवली यात तुमची चूक झाली असे मला वाटत नाही. हशा नेमका कुठे पिकला, हे मात्र आठवून पाहायला हवे, आणि ते तुम्हीच सांगू शकाल, कारण तालमीपासून प्रयोगापर्यंत विंगेत तुम्ही उभ्या होतात.

स्त्रीवेशातील पुरुषाला पाहून येणारे हसू एकाच जातीचे नसते. मुलगा निऱ्यांत पाय अडकून धडपडतो, पदर सावरताना भलताच खांदा चाचपतो, फतकल मारून बसतो आणि मग एकदम काही तरी आठवून गुडघे जवळ घेतो, तेव्हा आपण त्याच्या फजितीला हसत असतो. त्या हसण्यात नकळत एक कबुलीही असते. पदर सावरणे, गुडघे मिटून बसणे, आवाज खाली ठेवणे हे कोणी जन्माला येतानाच घेऊन येत नाही; खऱ्याखुऱ्या आत्याबाईंनाही ते कोणी तरी कधी तरी, बहुधा डोळे वटारून, शिकवलेले असते.

दुसरे हसू निराळे. धिप्पाड अंगाचा नट साडी नेसून येतो, त्याला पाहताच नायक दचकून मागे सरतो, म्हैस, रेडा, बुलडोझर असे शब्द फेकले जातात, आणि ते पात्र मात्र पदराचे टोक दातांत धरून लाजत राहते. इथे चेष्टा नटाची नसते. जाड, सावळी, वय उलटलेली आणि तरीही कोणी आपल्यावर जीव लावावा अशी इच्छा धरणारी बाई हा इथे चेष्टेचा विषय असतो. तीच वाक्ये त्याच अंगकाठीच्या एखाद्या नटीला उद्देशून रंगमंचावर म्हणून पाहावीत; प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होईल, पुढच्या रांगेतले कोणी तरी मान खाली घालील. साडीतल्या पुरुषामुळे ही अडचण दूर होते. बाईविषयी चारचौघांत बोलण्याची सोय राहिलेली नाही ते सगळे त्याच्या तोंडावर बोलून घेता येते, आणि कोणी हरकत घेतलीच तर ‘अहो, तो पुरुषच तर आहे’ ही पळवाट तयार असते.

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांमुळे साडीतला पुरुष आता घरोघर येतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम, सागर कारंडे यांनी रंगवलेल्या बायका पुष्कळांना आठवत असतील. या नटांच्या नजरेला दाद दिलीच पाहिजे. एखाद्या बाईचा त्रागा किंवा बोलता बोलता तिने केलेला हाताचा चाळा पकडण्याची ही विद्या सोपी नाही. पण दर आठवड्याला नवे प्रहसन लिहून देण्याच्या धबडग्यात कोणत्याही लेखकाची सर्वांत आधी निरीक्षणाची शिदोरी संपते, आणि मग हाताशी उरते ते फक्त नटाचे पोट.

याखेरीज हसण्याचा तिसरा एक प्रकार आहे, आणि माझा जीव खरा त्यात अडकलेला आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट घ्या. चार मित्रांना पुण्यात जागा हवी असते आणि घरमालकीणबाई भाडेकरू म्हणून फक्त जोडपी ठेवतात. म्हणून परशुरामाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. म्हणजे साडी नेसायला लावतो तो घरमालकांचा नियम, आणि तो नियम आजही पुण्या-मुंबईतल्या कितीतरी इमारतींत जिवंत आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’चेही तेच. ते नाटक ज्या इंग्रजी प्रहसनावर बेतलेले आहे, ते १८९२ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. घरात कोणी वडीलधारी बाई हजर असल्याखेरीज कुलीन मुलींनी तरुणांकडे जेवायला जायचे नाही, हा तिथल्या समाजाचा दंडक, आणि त्या दंडकापायी एका तरुणाला मावशी व्हावे लागते. दोन्हीकडे पुरुषाच्या अंगावर साडी चढते ती स्त्री-पुरुषांनी कसे राहावे याच्या नियमामुळे, आणि हसून हसून फजिती होते तीही त्या नियमाचीच. पार्वतीचे डोहाळजेवण आठवा. लक्ष्मीकांत बेर्डे फुलांच्या दागिन्यांत बसले आहेत, भोवती बायका गाणे म्हणत आहेत आणि पोटात काहीही नाही. बाईला एवढे कोडकौतुक आपण कधी आणि कशासाठी देतो, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा प्रसंग मराठी पडद्यावर मला चटकन आठवत नाही.

जाता जाता भाषेविषयी. ‘हा माझा बायको’ हे याच चित्रपटातले वाक्य लोकांच्या तोंडी बसले, त्याला कारण आपले व्याकरण. मराठीत साधे ‘मी येतो’ म्हणायचे तरी आधी आपण कोण ते ठरवावे लागते. इंग्रजीत सोंग घेतलेला माणूस पानभर बोलून जाईल, आपल्याकडे तो पहिल्याच क्रियापदाला पकडला जातो. मराठी विनोदी लेखकाला ही खाण आयती मिळालेली आहे आणि तिच्यासाठी कोणाच्या पोटाकडे बोट दाखवावे लागत नाही.

आता त्या मुलाविषयी. आत्याबाई म्हणून त्याला बक्षीस देणारी आणि ‘बायल्या’ म्हणून चिडवणारी शाळा एकच आहे. रंगमंचावर पंधरा मिनिटांपुरती दिलेली मुभा पायरी उतरताच काढून घेतली गेली, एवढेच घडले. ‘बायल्या’ ही शिवी लागते, कारण बाईसारखे असणे म्हणजे उणे असणे हे आठवीतल्या मुलांनी घरीदारी आधीच ऐकलेले असते. त्याला वर्गासमोर उभे करून समानतेवर भाषण देऊ नका, तो आणखी आक्रसून जाईल. चिडवण्यात पुढे असणाऱ्या तीन-चार जणांना वेगवेगळे बोलवा आणि काय म्हणता, का म्हणता ते शांतपणे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. त्या मुलाला ‘पुढच्या वर्षी तुला असले काम देत नाही हं’ असा दिलासा मात्र मुळीच देऊ नका, कारण त्याचा अर्थ मुले बरोबर म्हणत होती असा होईल. ते काम करताना त्याला मजा आली का, हे त्याला एकट्याला विचारा. कदाचित त्याला नट व्हायचे असेल, कदाचित त्या वेशात त्याला काही वेगळेही जाणवले असेल. ते खणून काढणे किंवा घरी फोन करून कळवणे हे आपले काम नाही. आणि पुढच्या वर्षी मुलींनाही त्याच प्रहसनात घ्या. आत्याबाई कोण आणि मामा कोण, हे ज्याला जे काम जमते त्यावरून ठरू द्या.

प्रश्न : बालगंधर्वांनी आयुष्यभर शालू नेसला, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. तमाशात मावशी होती, भारुडात बाई होती. आता साध्या विनोदालाही लिंगभेद, अपमान अशी लेबले लावली जातात. कलेकडे कला म्हणून पाहायचे आपण विसरलो आहोत का? (एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर : आपण घेतलेली तिन्ही नावे मोलाची आहेत, पण ती एका माळेत ओवण्यासारखी नाहीत. बालगंधर्वांना कोणी हसत नव्हते. १९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही हकिकत आपल्याला ठाऊक असेलच. पुढे ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू पाहायला घरंदाज बायका येत आणि परत जाताना त्यांची साडीची ढब, त्यांचे अलंकार मनात घेऊन जात. आपण नटाला पाहतो आहोत याचा विसर पडणे हे तिथे यशाचे माप होते. विनोदी स्त्रीवेशात नटाचा एका क्षणासाठीही विसर पडता कामा नये, नाहीतर विनोदच संपतो. या दोन उलट दिशेच्या कला आहेत.

शिवाय ती कला ज्या गरजेतून आली ती गरज फारशी अभिमानाची नव्हती. कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे लाजिरवाणे मानले जाई. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती सापडेना, तेव्हा मुंबईतल्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, पण रंगभूमीला वळण लागायला आणखी वीस वर्षे जावी लागली. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले आणि त्यात स्त्रियांची कामे ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी केली. त्यानंतर शहरी नाटकात पुरुषाने गंभीरपणे शालू नेसण्याचे कारणच उरले नाही, आणि साडीतला पुरुष हळूहळू फक्त हसण्यापुरता शिल्लक राहिला. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो ती प्रत्यक्षात अशी वाटेत तुटलेली आहे.

भारुड मात्र खरोखर विनोदी आहे, आणि ते आपल्या बाजूचा नव्हे तर माझ्या बाजूचा पुरावा आहे. नाथांच्या भारुडातली बाई भवानीआईला रोडगा कबूल करते तो कशासाठी? ‘सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला’ यासाठी. सासू, जाऊ, नणंद, नवरा अशी एकेकाची वासलात लावून शेवटी ती म्हणते, ‘एकलीच राहू दे मला’. त्या ओळींचा अध्यात्माचा अर्थ वेगळा आहे हे मला मान्य आहे, पण डोक्यावरून पदर घेतलेला भारुडकार ती ओळ म्हणतो तेव्हा मंडपात बायकांच्या बाजूने जो हशा उठतो, तो काही अद्वैताला दिलेली दाद नसतो. तिथे हसणे बाईवर नसून बाईच्या वतीने असते. गवळणीतली मावशीही अशीच. दुडदुडत येते, कृष्ण-पेंद्याशी तोंडाला तोंड देते, गौळणींची पाठराखीण होते आणि सहसा हार खात नाही.

याच तमाशात बायकी हावभाव करून नाचणारा नाच्याही असे, त्याला विसरून चालणार नाही. कागलकडचा एक रांगडा गडी पोटासाठी आणि कलेच्या ओढीने नाच्या होतो आणि मग घरही जाते, पतही जाते, ही आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीची गोष्ट १९७० च्या दशकातली. प्रेक्षक त्याला टाळ्या देत होते आणि तेच प्रेक्षक त्याला माणसांतून उठवत होते.

‘आता’ सगळ्यांना वाईट वाटू लागले आहे, हे आपले म्हणणे मला पटत नाही. ज्यांना लागत होते त्यांना तेव्हाही लागतच होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला जोगता साडी नेसून, डोक्यावर ‘जग’, म्हणजे देवीची मूर्ती मांडलेली टोपली, घेऊन दारात येतो तेव्हा घरातली म्हातारी त्याच्या पाया पडते, आणि तोच जोगता एसटी स्टँडवर उभा राहिला की कॉलेजची पोरे टाळी वाजवून दाखवतात. ती टाळी पोरांनी कुठून उचलली? चित्रपटांत तृतीयपंथी पात्र वर्षानुवर्षे दोन मिनिटांसाठी येत असे, टाळी वाजवून जात असे आणि त्याला नावसुद्धा नसे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख कायद्याने मान्य केली, त्यांच्यातल्या काहींनी आत्मकथने लिहिली, काही सार्वजनिक कामात पुढे आले. आता ते हरकत घेतात आणि ती आपल्या कानावर येते. फरक एवढाच पडला आहे.

प्रश्न : मुलाने साडी नेसली की सगळे हसतात, पण मुलीने शर्ट-पँट घातली किंवा नाटकात पुरुषाचे काम केले तर तेवढे कोणी हसत नाही. असे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : कारण आपल्या मनात एक चढण आहे. मुलीने पुरुषी वेश घेतला की ती वर चढली असे मानतात. घोड्यावरच्या झाशीच्या राणीला कोणी हसत नाही. पुरुषाने बाईचा वेश घेतला की तो घसरला, आणि घसरणाऱ्याला पाहून माणसाला हसू येते, मग ते केळीच्या सालीवरून असो की पुरुषपणावरून. एखाद्या अधिकाऱ्याने काम केले नाही म्हणून त्याच्या टेबलावर बांगड्या आणि साडी-चोळी ठेवणारे आंदोलन तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलेच असेल. त्या आंदोलनात पुष्कळदा बायकाच पुढे असतात, स्वतःच्या हातातल्या बांगड्या किणकिणवत, याचे मला दर वेळी नवल वाटते.

पण एक अपवाद मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. लहानपणी आमच्या वाड्यात मंगळागौरीचे जागरण होते आणि पुरुषांना आत यायला बंदी होती. मी सहा वर्षांचा, म्हणून हिशेबात नव्हतो. मध्यरात्री एका मावशीने काकांचा कोट आणि काळी टोपी चढवली, खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडले आणि त्यातून मान वर न करता एक हात पुढे केला. बस, एवढेच. कोणी तरी त्या हातात रिकामा कप ठेवला. तिने घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पान उलटले. बायका अक्षरशः भिंती धरून हसत होत्या, एकीला तर उठून बाहेर जावे लागले. तो विनोद कोणत्याही वाहिनीवर कधी आला नाही, कारण तो दिवाणखान्यात काकांच्या देखत करण्यासारखा नव्हता.

प्रश्न : मी दशावतारी नाटकात गेली वीस वर्षे स्त्रीपार्टी करतो. रात्री माझी द्रौपदी पाहून बायका डोळे पुसतात, सकाळी चहाच्या टपरीवर तीच माणसे ‘काय गो बाय’ म्हणून हाक मारतात. आता मुंबईहून एका विनोदी कार्यक्रमासाठी विचारणा झाली आहे. साडी नेसून नाचायचे आहे, पैसे बरे आहेत. जावे का? (एक कलावंत, कुडाळ तालुका)

उत्तर : जरूर जा, पण आधी संहिता मागवून घ्या. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या जागी सुचतात, त्यामुळे ती मागण्याची सवय तुम्हाला नसेल. इथे मात्र मागाच. तुमच्या पात्राला नाव आहे का ते पाहा. ते पात्र काय काम करते, त्याला काय हवे आहे, हे कुठे लिहिले आहे का तेही पाहा. नुसते ‘एक जाडी बाई येते’ एवढेच असेल, तर नाव आणि दोन वाक्ये घालून द्या म्हणून सांगा. लेखक मंडळी घाईत असतात, वाईट नसतात. पुष्कळदा ते आनंदाने घालून देतात. तुमच्या अंगावरून दुसऱ्या पात्राने मारलेले शेरे तालमीतच मोजून घ्या आणि त्यांना तुमच्या पात्राने काय उत्तर द्यायचे ते तुम्हीच सुचवा, कारण रात्रभर उभ्या जागी शब्दाला शब्द भिडवणाऱ्या माणसाइतके ते त्या चित्रीकरणाच्या जागी दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.

टपरीवरच्या हाकेचे म्हणाल, तर ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे तुमच्याकडे राजपार्टीविषयीही म्हणतातच. राजाला सकाळी निदान राजा म्हणून कोणी चिडवत नाही, हा फरक मला कळतो, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. हाक मारणाऱ्याला द्रौपदीच्या आवाजात एकदा ‘ओ’ देऊन पाहा. वीस वर्षांत हा प्रयोग तुम्ही बहुधा केलाही असेल.

आणखी एक. तिथे वेशभूषेची माणसे तुम्हाला साडी नेसवायला येतील, पिना घेऊन. त्यांना गोड बोलून बाजूला करा आणि आरसा मागून घ्या. ती तुमची तुम्हाला नेसता येते.